मुरमुरे, फुटाणे आणि वजनाचा काटा

वजन कमी करायचं ठरवलेल्या माणसाला सगळे आधी साखर सोडायला सांगतात. चहातली साखर, पेढे, जिलबी, आईस्क्रीम वगैरे. माझं मत जरा वेगळं आहे. गोड सोडणं त्यामानाने सोपं आहे. चार दिवस चहा बेचव लागतो, पुढे सवय होते. खरा घात होतो तो संध्याकाळी सहा ते साडेसातच्या दरम्यान, खारट आणि कुरकुरीत पदार्थांच्या डब्यापाशी. दुपारी दोन पोळ्या मोजून खाल्लेला माणूस सहा वाजता उभ्याउभ्याच फरसाणाचे चार बकाणे भरतो, आणि त्याला ते खाल्ल्यासारखं वाटतच नाही. 'आज काय काय खाल्लं?' असं विचारलं तर तो पोळ्या सांगेल, वरण सांगेल, फरसाण त्याच्या यादीतच नसेल. गोड लपत नाही. खारट मात्र बिनबोभाट आत शिरतं.

आमच्यासारख्या कीबोर्डवर पोट भरणाऱ्या लोकांचं तर विचारूच नका. एक हात माऊसवर, दुसरा पाकिटात. बिल्ड चालू आहे, काहीतरी चावायला हवं. कॉल लांबला, काहीतरी चावायला हवं. भूक लागलेली नसते, दातांना काम हवं असतं. तर आज या 'काहीतरी कुरकुरीत' प्रकरणाबद्दल लिहितो. माझा मुद्दा थोडक्यात असा: ही इच्छा मारायची गरज नाही. ती नेमकी कशाची आहे ते ओळखलं की भागवताही येते. आणि ती भागवण्याचं सामान आमच्या भंडारा जिल्ह्यात आठवडी बाजारात पोत्यांनी पडलेलं असतं.

आधी थोडं आमच्या भागाबद्दल. वैनगंगेच्या काठचा हा धानाचा मुलूख. (पुण्या-मुंबईकडे ज्याला भात म्हणतात ते पीक आमच्याकडे धान. भात फक्त ताटात.) तुमसर, साकोली, पवनी, लाखांदूर, कुठेही जा, पावसाळ्यात नजर पोचेल तिथपर्यंत बांध्यांमध्ये पाणी आणि त्यात रोवणी. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा जिल्हा झाला, पण धान आणि राईस मिल दोन्हीकडे सारखेच. साहजिकच इथला चहाबरोबरचा खाऊसुद्धा तांदळातून आलेला: मुरमुरे, पोहे, लाह्या, तांदळाचे पापड. कोणाच्या घरी जा, चहाआधी चिवड्याची प्लेट पुढे येते, आणि ती प्लेट परत पाठवणं म्हणजे यजमानाचा अपमान. "काऊन बाबू, तब्येत बरी नाही का?" हा प्रश्न ठरलेलाच.

या खाण्यात पूर्वी काही वावगं नव्हतं, हेही सांगायला हवं. दिवसभर चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बाईने संध्याकाळी परातभर चिवडा खाल्ला तरी तो तिच्या अंगाला लागायचा नाही. घामातून मीठ जायचं, ते भरूनही निघायचं. आता तोंड तेच राहिलं, चिवडाही तोच राहिला, खाली मात्र चिखलाऐवजी चाकांची खुर्ची आली. त्याचे आकडे २०२३ मध्ये सगळ्यांसमोर आले. आयसीएमआरच्या देशभरातल्या मोठ्या पाहणीत भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला. प्रौढांपैकी ११.४ टक्क्यांना मधुमेह, ३५.५ टक्क्यांना वाढलेलं ब्लडप्रेशर आणि ३९.५ टक्क्यांना पोटाचा लठ्ठपणा. म्हणजे दहा माणसांत चौघांचं पोट पुढे. आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, कारण आपली चरबी पोटाभोवती लवकर साठते. तेव्हा 'थोडं पोट सुटलंय, इतकंच' असं म्हणून सोडून देण्याची ही गोष्ट नाही. तिशीच्या आत ब्लडप्रेशरची गोळी सुरू झालेले मित्र आता प्रत्येकाच्या ओळखीत असतात.

आता नेहमीचा सल्ला बघू. 'चिवडा खावासा वाटला की काकडी खा.' 'गाजर खा.' 'ग्लासभर पाणी पी.' 'मन घट्ट कर.' हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण तो चालत नाही, आणि का चालत नाही ते आपल्या भाषेतच लिहून ठेवलेलं आहे. मराठीत कुरकुरीत वेगळं, खुसखुशीत वेगळं, कडक वेगळं, करकरीत वेगळं. शंकरपाळी खुसखुशीत, चकली कुरकुरीत, काकडी करकरीत. काकडीला कोणी कुरकुरीत म्हणत नाही. आणि हा फरक नुसता शब्दांचा नाही, त्यामागे सरळ पदार्थविज्ञान आहे. काकडी, मुळा, कच्चा शिंगाडा यांचा आवाज येतो तो आत पाणी भरल्यामुळे. पेशी पाण्याने टम्म फुगलेल्या असतात, दात लागला की फुटतात. चिवड्याचा आवाज येतो तो आतलं पाणी गेल्यामुळे. वाळलेला स्टार्च काचेसारखा ठिसूळ होतो, दाताखाली तडकतो. एकाचा आवाज पाणी असल्यामुळे, दुसऱ्याचा नसल्यामुळे. म्हणजे ज्याला चिवडा हवा आहे त्याला तुम्ही नेमकी उलट वस्तू देताय. तो काकडी खाईल, आणि मग चिवडाही खाईल.

(शिंगाड्याचं नाव आलंच आहे म्हणून सांगतो. भंडारा-गोंदियात जे माजी मालगुजारी तलाव आहेत, ज्यांना सगळे मामा तलाव म्हणतात, त्यांत ढिवर समाजाचे लोक शिंगाडा लावतात. दिवाळीच्या सुमाराला उकडलेले शिंगाडे बाजारात येतात. पोट भरतं, तेलाचा थेंब नाही, एरवी उत्तम खाणं आहे. पण ते कुरकुरीत नाही, म्हणून आजच्या प्रश्नाचं उत्तर नाही.)

या आवाजाची गंमत अशी की तो नुसता सोबतीला नसतो, तोच अर्धी चव असतो. ऑक्सफर्डचे चार्ल्स स्पेन्स आणि त्यांचे सहकारी मासिमिलियानो झाम्पिनी यांनी २००४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना हेडफोन लावून आलूचे चिप्स खायला दिले आणि त्यांच्याच चावण्याचा आवाज मायक्रोफोनमधून त्यांना ऐकवला, कधी वाढवून, कधी कमी करून. आवाज, विशेषतः त्यातला वरच्या पट्टीचा भाग, वाढवला की लोकांना तेच चिप्स जास्त कुरकुरीत आणि ताजे वाटले. कमी केला की शिळे वाटले. चिप्स सगळे सारखेच होते. या प्रयोगाला २००८ मध्ये इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसू येणारं आणि मग विचार करायला लावणारं बक्षीस. विचार करण्यासारखी गोष्ट ही की चिप्स खाताना आपल्याला जे हवं असतं त्यातला मोठा वाटा कानाने खाल्ला जातो. आणि कानाला तेल लागत नाही.

सादळलेल्या चिवड्याचा अनुभव घ्या. ओल्या हवेत डबा उघडा राहिला की चिवडा सादळतो. त्यातलं तेल तेवढंच, मीठ तेवढंच, मसाला तेवढाच. गेला तो फक्त आवाज. तरी तो कोणी खात नाही. तेल-मिठाचीच ओढ असती तर सादळलेला चिवडाही संपला असता.

मग प्रश्न असा की तेल येतं कुठून? तळणं म्हणजे मुळात काय, तर पदार्थातलं पाणी झटपट घालवणं. गरम तेलात चिप्स पडला की आतल्या पाण्याची वाफ होते, बुडबुडे येतात, वाफ निघून गेली की मागे बारीक पोकळ्या राहतात, आणि बाहेर काढल्यावर त्या पोकळ्यांत तेल शिरून बसतं. आलूच्या चिप्समध्ये वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा तेल असतं ते यामुळे. म्हणजे कुरकुरीतपणा आला पाणी गेल्याने. तेल हे ते काम करायला आलेलं आणि काम झाल्यावर घरीच मुक्काम ठोकून बसलेलं पाव्हणं.

हेच काम तेलाशिवाय करण्याची युक्ती आपल्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. भडभुंज्याची भट्टी आठवा. मोठी कढई, त्यात तापलेली वाळू. मुरमुरे करायला धान आधी उकडून वाळवतात, मग भरडतात. त्या उकड्या तांदळाला मिठाचं पाणी लावतात आणि तापलेल्या वाळूत टाकतात. दाण्यातल्या उरल्यासुरल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि दाणा फुलतो. साळीच्या लाह्या याच तत्त्वावर, फक्त तिथे सालासकट धान फुटतं. फुटाणेही तसेच. तेलाच्या कढईत जे होतं तेच इथे होतं: उष्णता आत, पाणी बाहेर. फरक एकच. शेवटी चाळणी धरली की वाळू खाली पडते. तेल पडत नाही.

मला स्वतःला ही गोष्ट एखाद्या चांगल्या डिझाइनसारखी वाटते. पाहिजे ते आउटपुट मिळालं आणि साइड इफेक्ट शून्य. ज्याने कोणी पहिल्यांदा वाळू तापवली त्याला दंडवत.

आता आकडे, कारण आकड्यांशिवाय आमच्या जातीच्या माणसाला चैन पडत नाही. १०० ग्रॅम मुरमुऱ्यांत सव्वातीनशेच्या आसपास कॅलरी, फुटाण्यांत पावणेचारशेच्या आसपास, शेव-फरसाण किंवा चिप्समध्ये साडेपाचशेच्या आसपास. हे बघून कोणी म्हणेल, फार काही फरक दिसत नाही. तो दिसत नाही कारण आपण वजनाने खात नाही, भांड्याने खातो. मोठा बाऊल घ्या, आमटीच्या तीन वाट्या मावतील असा. त्यात मुरमुरे भरले तर जेमतेम २५ ग्रॅम बसतात. तोच बाऊल शेव-फरसाणाने भरला तर १०० ग्रॅमच्या वर जातो. पहिल्याचा हिशोब असा: २५ ग्रॅम मुरमुऱ्यांच्या ८० कॅलरी, वरून १५ ग्रॅम फुटाण्यांच्या ५५, अर्धा छोटा चमचा कच्च्या तेलाच्या २०, कांदा-सांभाराच्या दहाएक. (सांभार म्हणजे कोथिंबीर. पुणेकरांनी इडली शोधू नये.) एकूण पावणेदोनशेच्या आत. दुसरा बाऊल साडेपाचशेच्या पुढे. फरक पावणेचारशेचा. सत्तर किलोच्या माणसाने तासभर झपझप चालून साधारण अडीचशे कॅलरी खर्च होतात. म्हणजे फरसाणाऐवजी मुरमुरे खाल्ले की दीड तास चालणं वाचलं. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी धरल्या, तर रोजच्या या एका बदलाचं मोल कागदावर वीस दिवसांना एक किलो. प्रत्यक्षात शरीर एक्सेलशीट नाही, वजन उतरलं की खर्चही कमी होतो, त्यामुळे काटा इतका सरळ चालत नाही. पण दिशा कळायला हा हिशोब पुरेसा आहे.

विदर्भाबाहेरच्यांसाठी: मी वर सांगितला तो प्रकार म्हणजे आमचा कच्चा चिवडा. त्याला गॅसच लागत नाही. मुरमुरे, फुटाणे, थोडे शेंगदाणे, तिखट, मीठ, मसाला, बारीक चिरलेला कांदा, सांभार, हिरवी मिरची, वरून कच्चं तेल, हाताने कालवायचं आणि लगेच खायचं. लगेच याला महत्त्व आहे, कारण कांद्याचं पाणी सुटलं की दहा मिनिटांत सादळतं. आणि हाच त्याचा गुण आहे. तो साठवता येत नाही. प्रत्येक वेळी उठून, कांदा चिरून करावा लागतो. पाकीट फोडायला दोन सेकंद लागतात, कच्चा चिवडा करायला पाच मिनिटं. खरंच हवा असेल तर माणूस पाच मिनिटं देतो, नुसता चाळा असेल तर कंटाळा करतो. वजन उतरवताना आपला आळस आपल्या बाजूने वापरता आला पाहिजे.

मात्र परंपरेचं आहे म्हणजे निर्धोक आहे, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. तीन गोष्टी सांगायलाच हव्यात.

पहिली, नुसते मुरमुरे पोटात टिकत नाहीत. तोंडात घातले की विरघळतात आणि रक्तातली साखर झपाट्याने वाढवतात, कारण शेवटी तो फुलवलेला तांदूळच. मधुमेह असणाऱ्याने 'तेल नाही' म्हणून परातभर खाऊ नयेत. म्हणूनच फुटाणे हवेत. १०० ग्रॅम फुटाण्यांत २० ग्रॅमहून जास्त प्रथिनं असतात, शिवाय ते चावावे लागतात. चावायला वेळ लागतो आणि वेळ लागला की पोटाचा निरोप डोक्यापर्यंत पोचतो. अमेरिकेत केविन हॉल यांच्या गटाने २०१९ मध्ये वीस माणसांना दोन आठवडे कारखान्यातलं तयार खाणं आणि दोन आठवडे साधं खाणं दिलं, दोन्हीकडे हवं तेवढं खायची मोकळीक. तयार खाण्याच्या काळात लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या, आणि जास्त भराभर खाल्ल्या. पाकिटातले फुगवलेले कुरकुरीत तुकडे जिभेवर नाहीसे होतात ते आठवा. फुटाणा नाहीसा होत नाही. तो भांडतो.

दुसरी, मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट छोटा चमचाभर, आणि त्यात भाजी-वरणातलंही आलं. मुरमुऱ्यांना आधीच मीठ लावलेलं असतं. वरून पुन्हा मीठ टाकण्याआधी चार दाणे नुसते खाऊन बघावेत, बहुतेक वेळा गरज पडत नाही. खारटपणा हवाच असेल तर लिंबू पिळावं. आंबटामुळे कमी मीठही जास्त लागतं. आमच्याकडची जवसाची चटणी भुरभुरली तर मग काहीच नको. भाजलेला पापड तेलाच्या दृष्टीने चांगला, पण त्यात मीठ आणि पापडखार दोन्ही, म्हणून ब्लडप्रेशरवाल्यांनी एकावर थांबावं. आणि एक मजेदार गोष्ट: रात्री खारट खाल्लं की सकाळी काटा अर्धा-एक किलो वर दिसतो. ती चरबी नव्हे, मिठाने धरून ठेवलेलं पाणी. कितीतरी लोक हा काटा बघून 'आपल्याला डाएट जमणारच नाही' म्हणत त्याच दिवशी सोडून देतात. एक दिवस थांबा, पाणी उतरतं.

तिसरी, 'डाएट चिवडा' नावाचा प्रकार. 'बेक्ड', 'रोस्टेड', 'मल्टिग्रेन' हे पुढच्या बाजूचे शब्द. खरं काय ते मागच्या तक्त्यात असतं. तिथे प्रति १०० ग्रॅम फॅट किती ते बघायचं. वीस-पंचवीस ग्रॅमच्या पुढे असेल तर पुढे काहीही छापलेलं असो, ते तळलेल्याचंच भावंडं. सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये असतो, त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. आपल्यापैकी जे लोक ओपन सोर्सचं लायसन्स शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, त्यांनी निदान पाकिटाची मागची बाजू वाचायला हरकत नसावी. :)

आता जरा मोठ्या गोष्टीकडे येतो. हा प्रश्न फक्त शहरात खुर्चीवर बसणाऱ्यांचा आहे असं वाटत असेल तर लाखनी-लाखांदूरकडच्या एखाद्या गावातल्या किराणा दुकानासमोर उभं राहून बघा. दाराला पाच-पाच रुपयांच्या रंगीत पाकिटांच्या माळा लटकलेल्या असतात, मुलं त्याच मागतात. फुटाण्याचं पोतं आत, कोपऱ्यात, अंधारात. फुटाण्याची जाहिरात कोणी करत नाही. फरसाणाचं मोठं साम्राज्यही आमच्या शेजारीच आहे. नागपूरच्या हल्दीरामचा पत्ताच मुळी 'भंडारा रोड'. त्यांच्या चवीबद्दल तक्रार नाही, चव उत्तमच आहे, अडचण तिथेच आहे.

त्यात करांचं गणित बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद नमकीन, भुजिया, मिक्श्चर यांच्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. पाकीटबंद मुरमुऱ्यांवर जुलै २०२२ पासून ५ टक्के आहेच. म्हणजे आता वाळूत भाजलेलं आणि तेलात तळलेलं सरकारच्या लेखी सारखंच. माझ्या मते हे उलटं आहे. भाजलेल्या फुटाणे-मुरमुऱ्यांवर, पाकिटात असले तरी, कर नकोच, आणि तळलेल्यावरचा कमी करायची घाई नव्हती. सरकार एकीकडे लठ्ठपणाविरुद्ध मोहीम काढतं आणि दुसरीकडे भुजिया स्वस्त करतं. सुटे मुरमुरे अजून करमुक्त आहेत, एवढंच समाधान. पिशवी घेऊन बाजारात जा आणि पोत्यातून मोजून घ्या.

शेवटचा भाग सणावारांचा, कारण सगळी डाएटं तिथेच मोडतात. आमच्याकडे दिवाळी झाली की मंडई सुरू होते. गावोगावी एकेक दिवस ठरलेला. लेकी-जावई, सोयरे येतात, दुपारी बाजार, रात्रभर झाडीपट्टीचं नाटक. थंडीत रात्री दोन वाजता नाटकाच्या मंडपाबाहेर गरम भज्यांची कढई चढलेली असते. तिथे उभं राहून जो माणूस 'मी डाएटवर आहे' म्हणतो त्याला माझा नमस्कार, पण मी त्याच्यासोबत नाटकाला जाणार नाही. अशा दिवशी भजे खावेत. बसून, प्लेटीत घेऊन, चव घेऊन. याला 'चीट डे' वगैरे म्हणू नये; आपण कोणाची फसवणूक करत नाही. वर्षातले पंधरा-वीस सण वजन वाढवत नाहीत. वाढवतात ते उरलेले साडेतीनशे दिवस, ज्या दिवशी सण नसतो आणि तरी कीबोर्डशेजारी पाकीट उघडं असतं.

आणि पाव्हण्यांपुढच्या प्लेटीचं काय? नकार देऊन यजमानाला दुखवण्यात अर्थ नाही. पण आपल्या घरी येणाऱ्यांपुढे काय ठेवायचं ते आपल्या हातात आहे. तळलेल्या चिवड्याऐवजी ताजा कालवलेला कच्चा चिवडा ठेवला तर कोणी नाराज होत नाही, उलट आणखी मागतात. फक्त एक बघा. तो कालवायचं काम दर वेळी घरातल्या बाईच्याच माथी मारू नका. ज्याचं पोट सुटलंय त्याने कांदा चिरावा.

तर सारांश म्हणून माझी व्यवस्था सांगतो. घरात तळलेलं फरसाण आणायचंच नाही असा नियम टिकत नाही, म्हणून तो केला नाही. त्याऐवजी ते वरच्या फळीवर, झाकण घट्ट असलेल्या डब्यात. मुरमुरे आणि फुटाणे हाताशी. मुरमुरे सादळले तर कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं कोरडेच परतायचे, पुन्हा वाजायला लागतात. खायचं ते बाऊलमध्ये काढून, डब्यातून नाही. लॅपटॉपसमोर नाही, कारण स्क्रीनकडे बघताना कान बंद असतात आणि मग ज्या आवाजासाठी हा सगळा खटाटोप तोच ऐकू येत नाही. बाऊल संपला की संपला. अजून हवं असेल तर अजून एक कांदा चिरायचा. बहुतेक वेळा तिथेच थांबणं होतं.

असो. बरंच लांबलं. बाहेर सहा वाजत आलेत आणि सांभार निवडायचा आहे.